नाकाताने २९व्या वर्षी खेळ का सोडला? मुलाला काय सांगू?

रावपुरा_आई

नमस्कार मंडळी. आमचं बडोद्यातलं घर पहिल्यापासून क्रिकेटचं. सासरे विजय हजाऱ्यांच्या गोष्टी सांगायचे, नवरा पठाण भावांच्या सांगतो. मुलगा मात्र लहानपणीच फुटबॉलमध्ये रमला. आता सतरा पूर्ण आहे, बारावी सायन्सला आहे. सकाळी नवलखी मैदानावर प्रॅक्टिस, मग शाळा, संध्याकाळी ट्यूशन. मधल्या फळीत खेळतो, अगदी मध्यभागी. निदान या सीझनपर्यंत तरी खेळायचा.

यंदा टीमला नवीन कोच आले. मधल्या जागेवर दुसरा एक मुलगा घेतला आणि आमच्याला कधी उजव्या बाजूला टाकतात, कधी बाकावर बसवतात. कोचांशी माझं भांडण नाही, तो मुलगा चांगला खेळतो हे आमचा चिरंजीवही कबूल करतो. पण आता त्याने म्हणायला सुरुवात केली आहे, "सोडून देतो. मन उडालं की थांबायचं. नाकाताने नाही का सोडलं, २९व्या वर्षी?"

त्याच्या टेबलासमोर त्या नाकाताचा, म्हणजे जपानी फुटबॉलपटू हिदेतोशी नाकाताचा, इटलीतल्या रोमा क्लबच्या जर्सीतला फोटो आहे, गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणलेला. मी वाचायला गेले तर सगळीकडे केसांचा रंग, कपडे, मॉडेलिंग आणि लवकर निवृत्ती एवढंच हाती लागतं. म्हणून जाणकारांना विचारते. हा माणूस खेळाडू म्हणून खरंच मोठा होता, की ऐन भरात निघून गेला म्हणून मोठा वाटतो? आणि तो रागावून, कंटाळून गेला का?

खरं सांगायचं तर बोर्ड आणि गुजसेट प्रवेश परीक्षेच्या वर्षात त्याने खेळ थांबवला तर मला सोयीचंच आहे. पण दुसऱ्याचं नाव पुढे करून, चुकीच्या समजुतीवर सोडलेलं मला नको. त्याच्याशी बोलायचं तर आधी मला तो माणूस कळायला हवा.

अलकापुरी_दहा

ताई, माझं मत स्पष्ट आहे. खेळाडू चांगला, पण वलय खेळापेक्षा मोठं.

जपानकडून ७७ सामने, ११ गोल. इटलीत पेरुजियातलं पहिलं वर्ष झकास. रोमात बराच काळ बाकावर. पार्माने त्याच्यासाठी अफाट पैसे मोजले, तेवढं त्यांच्या पदरात पडलं नाही. मग बोलोन्या, फिओरेंटिना, शेवटी इंग्लंडमध्ये बोल्टन. ही उतरती भाजणीच आहे. निव्वळ पायातल्या कसबावर मोजायचं तर मी जपानच्याच शुन्सुके नाकामुराला वर ठेवीन. २००६ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिककडून त्याने मँचेस्टर युनायटेडला चॅम्पियन्स लीगमध्ये दोन्ही सामन्यांत फ्रीकिकवर गोल मारला, त्यांच्या मैदानावर एक आणि ग्लासगोत एक. आणि तो चव्वेचाळीस वर्षांचा होईपर्यंत, २०२२ पर्यंत खेळत राहिला. टिकून राहणं हीसुद्धा गुणवत्ताच. नाकाता लवकर गेल्यामुळे त्याची खरी घसरण कोणी बघितलीच नाही, असं मला वाटतं.

मुलाला नाकामुराचे सामने दाखवा.

पॅव्हेलियनचा_सहा

ताई, मी युनिव्हर्सिटीकडून मधल्या फळीत खेळलो, आता एका शाळेत पीटी शिकवतो. नाकाताचे सामने तेव्हा जमतील तसे केबलवर बघितले आणि पुढे इंटरनेटवर पुन्हा पुन्हा बघितले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पोरगं त्यावरच अडलंय. नाकाता रुसून गेला नाही. ३ जुलै २००६ रोजी त्याने स्वतःच्या वेबसाइटवर चाहत्यांना पत्र लिहिलं. आठ वर्षांचा असताना, हिवाळ्यात, यामानाशीतल्या एका प्राथमिक शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात आपला खेळ सुरू झाला, असं त्यात आहे. आणि जर्मनीतल्या वर्ल्डकपनंतर थांबायचं हे साधारण सहा महिने आधीच ठरलं होतं, हेही आहे. म्हणजे निर्णय मनात पक्का असताना तो वर्ल्डकप खेळला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल खाऊन जपान १-३ हरलं, क्रोएशियाशी ०-० बरोबरी, मग डॉर्टमुंडला ब्राझीलकडून ४-१. तो शेवटचा सामना संपल्यावर नाकाता मध्यवर्तुळात उताणा पडला आणि कितीतरी वेळ उठला नाही. ज्याचं मन खेळावरून उडालंय तो माणूस असा पडून राहत नाही. शिट्टी वाजली की आत जातो आणि अंघोळ करतो.

आता तो किती मोठा होता ते. मी तीन सामने सांगतो, बाकी सगळं त्यांच्या आगेमागे आहे.

पहिला १६ नोव्हेंबर १९९७चा, मलेशियात जोहोर बाहरूला, इराणविरुद्ध. जिंकणारा वर्ल्डकपला जाणार होता आणि जपान तोवर एकदाही वर्ल्डकप खेळलं नव्हतं. नाकाता तेव्हा फक्त वीस वर्षांचा. वर्षभर आधी अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्राझीलला १-० हरवणाऱ्या जपानी संघात तो होता, पण आता मोठ्या माणसांच्या संघाची धुरा त्याच्याकडे होती. नाकायामाचा पहिला गोल त्याच्या पासवर. मग इराणने अझीझी आणि अली दाई यांच्या गोलांनी २-१ केलं. त्यानंतर नाकाताने डावीकडून क्रॉस टाकला आणि शोजी जो याने डोक्याने बरोबरी साधली. जादा वेळेत, ११८व्या मिनिटाला, त्याचाच फटका गोलकीपरने परतवला आणि ओकानोने घसरत जाऊन तो आत ढकलला. तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता, सामना तिथेच संपला. ३-२. गोल करणाऱ्यांच्या यादीत नाकाताचं नावच नाही आणि तिन्ही गोल त्याच्या पायातून निघालेले. मधल्या फळीतल्या पोरांना मी हा सामना मुद्दाम दाखवतो.

दुसरा सप्टेंबर १९९८चा. वर्ल्डकपमध्ये जपान तिन्ही सामने हरलं होतं, तरी इटलीतल्या पेरुजियाने नाकाताला उचललं. त्या वेळची सेरी आ (इटलीची पहिली लीग) म्हणजे जगातले सगळ्यात कसलेले बचावपटू एका लीगमध्ये. जपानचाच मियुरा १९९४-९५ मध्ये जेनोआकडून एक सीझन खेळून एकच गोल करून परतला होता, त्यामुळे हा नवा पोरगाही जर्सी विकण्यापुरता आणलाय अशी कुजबुज होती. पहिलाच सामना युव्हेंटसविरुद्ध. पेरुजिया ३-४ हरलं, पण त्यातले दोन गोल नाकाताचे. त्या सीझनमध्ये त्याने लीगमध्ये दहा गोल केले. मधल्या फळीतला खेळाडू, तोही छोट्या क्लबात, पहिल्याच वर्षी. कुजबुज बंद झाली.

तिसरा सामना तुमच्या मुलासाठी आहे, तो नीट वाचा. जानेवारी २००० मध्ये नाकाता रोमाला गेला. तिथे त्याच्या जागेवर कोण? फ्रान्चेस्को तोत्ती. रोममध्ये जन्मलेला, रोममध्येच वाढलेला, संघाचा कप्तान. त्यात आणखी एक अडचण, इटलीत एका सामन्यासाठी युरोपीय संघाबाहेरचे तीनच खेळाडू घेता यायचे. त्यामुळे कित्येकदा नाकाताला बाकावरसुद्धा जागा मिळायची नाही, तो थेट स्टँडमध्ये. कोच कापेल्लो त्याला कधी मागे खेळवत, कधी आत-बाहेर करत. हे वर्षभर चाललं.

मग ६ मे २००१. तुरीनमध्ये युव्हेंटस विरुद्ध रोमा. रोमा पहिल्या स्थानावर, युव्हेंटस पाठलागावर. तो तीन खेळाडूंचा नियम नेमका काही दिवस आधी उठला होता, म्हणून नाकाता बाकावर तरी होता. सहाव्या मिनिटाला युव्हेंटस २-० पुढे, देल पिएरो आणि झिदान. तासाभराच्या आसपास कापेल्लोंनी तोत्तीला बाहेर काढलं आणि नाकाताला आत सोडलं. पिछाडीवर असताना कप्तानाला काढून बाकावरचा जपानी आणला, त्या क्षणी स्टेडियममधल्या रोमावाल्यांच्या मनात काय आलं असेल ते तुम्हीच ठरवा.

७९व्या मिनिटाला मध्यात एक सुटा चेंडू त्याच्या वाट्याला आला. तो पुढे सरकला आणि लांबून उजव्या पायाने मारला. वान डर सारसारखा उंच गोलकीपर पूर्ण ताणून झेपावला तरी चेंडू वरच्या कोपऱ्यात. मग अगदी शेवटी, जादा मिनिटांत, पुन्हा नाकाताचा फटका, वान डर सारच्या हातून चेंडू सुटला आणि रोमाच्या मॉन्तेल्लाने तो जाळ्यात मारला. २-२. त्या सीझनला रोमाने ७५ गुणांवर लीग जिंकली, युव्हेंटसचे ७३. हा सामना रोमा हरलं असतं तर त्यांचा एक गुण गेला असता आणि युव्हेंटसचे दोन वाढले असते. गणित तुमचा मुलगा करेल, सायन्सचा आहे.

अर्धा तास. दीड वर्ष वाट बघून मिळालेला. आणि तो अर्धा तास आला तेव्हा पाय तयार होते, कारण मधल्या काळात त्याने प्रॅक्टिस सोडली नव्हती. बाकावर बसवलं म्हणून थांबणारा नाकाता तुमच्या मुलाने स्वतः तयार केलाय. फोटोत ज्या जर्सीत आहे ना, त्याच जर्सीत तो सगळ्यात जास्त बाकावर बसला होता. हे त्याला सांगाच.

अलकापुरी_दहा यांच्या मुद्द्यांवर थोडं. नाकामुराच्या डाव्या पायाबद्दल वाद घालणार नाही, तसा पाय क्वचितच बघायला मिळतो. पण नाकामुरा २००२ मध्ये इटलीत रेज्जिनाकडे आला तोवर नाकाता तिथे चार वर्षं उभा होता. त्याच्याही आधी जपानचाच ओकुदेरा १९७७ मध्ये कलोनला गेला आणि जर्मनीची लीग जिंकला, ते विसरून चालणार नाही. पण ओकुदेरानंतर मोठी पोकळी होती. नाकातानंतर ती राहिली नाही.

अलकापुरी_दहा

सर, रोमाचा सामना मान्य. तो सामना मीही विसरलेलो नाही. पण पार्माचं काय? २००१ मध्ये त्यांनी बुफॉन आणि थुरामला युव्हेंटसला विकलं आणि त्या पैशातला मोठा हिस्सा नाकातावर लावला. तोवर एवढी किंमत कुठल्याही आशियाई खेळाडूला आली नव्हती. बदल्यात पहिल्या वर्षी पार्मा खालच्या लीगमध्ये घसरण्याच्या भीतीत होता. मोठ्या खेळाडूने संघ ओढून न्यायचा असतो.

पॅव्हेलियनचा_सहा

रास्त प्रश्न आहे. पार्माचं पहिलं वर्ष वाईट गेलं, त्यात दुमत नाही. पण त्या एका सीझनमध्ये पार्माने तीन कोच बदलले, उलिव्हिएरी, मग पासारेल्ला, मग कार्मिन्यानी. नंबर दहाचं, म्हणजे आक्रमण रचणाऱ्याचं, काम काय हे ज्या संघात दर दोन महिन्यांनी बदलतं तिथे कोण चमकणार? तरीही त्याच सीझनला इटालियन कप पार्माने जिंकला. अंतिम फेरी दोन सामन्यांची, समोर परत युव्हेंटस. तुरीनला पार्मा २-० मागे असताना अगदी शेवटी नाकाताने एक गोल परत मिळवला. घरच्या सामन्यात ज्युनिअरच्या गोलवर १-० जिंकले, एकूण २-२ झालं आणि नाकाताच्या त्या परक्या मैदानावरच्या गोलमुळे कप पार्माला. युव्हेंटसला त्याचं नाव ऐकून झोप लागत नसेल.

पुढे पार्माचे कोच प्रान्देल्लींनी त्याला बऱ्याचदा उजव्या बाजूला खेळवलं, कारण आक्रमणाला मुटू आणि आद्रियानो होते. त्याला मध्यभागीच खेळायचं होतं, ते लपून राहिलं नव्हतं. इथे तुमचा मुद्दा आणि ताईंच्या मुलाची गोष्ट एकत्र येतात. उजवी बाजू त्याला मानवली नाही असं मलाही वाटतं. त्याचा खेळ दोन्ही बाजूंना बघून पास देण्याचा होता. चेंडू येण्याआधी मान वळवून दोन्हीकडे बघायचा, मग धावणाऱ्याच्या पुढे, जोरात पास. अंगावर कुणी आलं तरी सहसा पडायचा नाही. कडेला गेलं की मैदान अर्धंच उरतं, एका बाजूला रेषाच असते. त्याचा अर्धा खेळ तिथे कापला गेला. त्यातून फिओरेंटिनाला गेल्यावर जांघेच्या दुखण्याने सीझन खाल्ला.

तरीही २००२च्या वर्ल्डकपमध्ये, स्वतःच्या देशात, ओसाकाला ट्युनिशियाविरुद्ध डोक्याने गोल मारला आणि जपान पहिल्यांदाच बाद फेरीत गेलं. २००४ मध्ये पेलेंनी हयात असलेल्या थोर खेळाडूंची जी यादी केली त्यात जपानचा तो एकटाच. याद्यांवर मी फार विसंबत नाही, पण वलय नुसतं कपड्यांचं असतं तर पेलेंना काय पडलं होतं?

टिकून राहणं ही गुणवत्ता, हे तुमचं म्हणणं मला पटतं. फक्त ती एकमेव नाही. बोल्टनच्या सीझननंतर त्याला कुठेतरी खेळता आलं असतं, पैसेही मिळाले असते. त्याने ते नाकारलं आणि पुढची काही वर्षं जगभर फिरला. मग २००९ पासून जपानचे ४७ च्या ४७ प्रांत पालथे घालायला निघाला. शेतकरी, कुंभार, साके गाळणारे कारागीर यांच्याकडे जाऊन बसला, आणि त्यातूनच पुढे साकेचा व्यवसाय उभा केला. थांबल्यावर काय करायचं याची भूक त्याच्याकडे होती. सोडण्याआधी हा प्रश्न मुलाला नक्की विचारावा असं मला वाटतं. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायला.

मांजलपूरकर

नाकाताच्या चर्चेत एका दुसऱ्या माणसाचं नाव आलंच पाहिजे, आणि ते आपल्या गुजरातशी जोडलेलं आहे. आराता इझुमी. जन्म जपानात शिमोनोसेकीचा, आई जपानी, वडील गुजराती. तोही मधल्या फळीतला. २००६ मध्ये ईस्ट बंगालकडून भारतात आला, मग महिंद्रा युनायटेड, मग पुणे एफसी. मी नोकरीनिमित्त तेव्हा पुण्यात होतो, बालेवाडीला त्याचा खेळ बघायला जायचो. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये (तेव्हाची भारताची पहिली लीग) दुसरी आली तेव्हा तो संघाचा कणा होता. मैदानावर कधी हातवारे नाहीत, रेफ्रीशी हुज्जत नाही. चेंडू गेला की लगेच मागे धावायचा, आणि ते नव्वदाव्या मिनिटालाही.

त्याने जपानी पासपोर्ट सोडून भारतीय नागरिकत्व घेतलं, कारण आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत, आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. नीलकंठ खांबोळजा हे त्याचं भारतीय नाव. तेव्हा वय तिशी ओलांडलेलं. पुढे आयएसएलमध्ये कोलकाता, पुणे, केरळ. आणि खेळ थांबल्यावर नवी मुंबईत लहान मुलांना शिकवायला लागला.

ताई, एकजण २९ला थांबला, दुसऱ्याने तिशीनंतर देश बदलून राष्ट्रीय जर्सी घातली. मुलाला दोन्ही सांगा. आपल्याकडच्या गुजराती बापाचा मुलगा म्हटल्यावर तो जास्त कान देईल. माझ्या पुतण्याने दिला होता.

रावपुरा_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं.

काल रात्री जेवणं झाल्यावर तुरीनच्या त्या सामन्याचे तुकडे लावले, मी मुद्दाम शेजारी बसले. नाकाता रोमात बाकावर असायचा हे त्याला माहीत होतं, पण कधीकधी बाकावरही जागा नसायची हे माहीत नव्हतं. त्यावर काही बोलला नाही. नंतर त्याने स्वतःच इराणचा सामना शोधून लावला आणि मला ऑफसाइड समजावून सांगितलं. कितीतरी दिवसांनी फुटबॉलबद्दल न चिडता बोलला. त्याचे बाबाही येऊन बसले, त्यांना इझुमीची गोष्ट फार आवडली.

सोडायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही आणि मी विचारतही नाहीये. कोचांना भेटून तुम्ही मला उजवीकडे का टाकलं हे तो स्वतः विचारणार आहे, एवढं म्हणाला. सर, त्याचा तुमच्यासाठी एक प्रश्न आहे, जसाच्या तसा लिहिते: "इराणविरुद्ध शेवटच्या गोलच्या वेळी नाकाताने पास द्यायला हवा होता ना? मिडफिल्डर होता, स्वतः का मारलं?"

पॅव्हेलियनचा_सहा

फार चांगला प्रश्न, बाळा. आता थेट तुलाच लिहितो.

जादा वेळेत काय झालं होतं ते आधी बघ. ओकानो ताज्या पायांनी आत आला होता आणि सुसाट धावत होता, पण गोलसमोर गडबडत होता. एकदा तर समोर फक्त गोलकीपर असताना त्याने स्वतः मारायचं सोडून चेंडू नाकाताकडे ढकलला आणि संधी गेली. नाकाता हे सगळं बघत होता. ११८व्या मिनिटाला त्याच्याकडे चेंडू आला तेव्हा इराणचे पाय थकलेले, समोर मोकळी जागा. त्याने पास दिला असता तर बचावपटूंना वळायला वेळ मिळाला असता. त्याने डाव्या पायाने, खालून, जोरात मारलं. इराणचा गोलकीपर आबेदझादेहला तो अडवता आला, धरता आला नाही.

तुरीनचा दुसरा गोलही असाच आहे, परत लावून बघ. नाकाताचा फटका, गोलकीपरच्या हातून सुटलेला चेंडू आणि तिथे आधीच पोचलेला आपला माणूस. जोरात आणि गोलच्या चौकटीत मारलेला फटका हासुद्धा पासच असतो, पुढे कोणी धावत असेल तर. म्हणून फक्त नाकाताला बघू नकोस. तो मारायला पाय उचलतो त्या क्षणी ओकानो कुठे आहे आणि मॉन्तेल्ला कुठे आहे, तिथे व्हिडिओ थांबव.

आणि उजव्या बाजूला खेळतोस तेव्हा हे काम तुझं असतं. डावीकडून फटका गेला की लांबच्या खांबापाशी तू पोचलेला असायला हवास. पॅव्हेलियन मैदानावर रविवारी सकाळी सहा वाजता आमची शाळेची पोरं याचीच ड्रिल करतात. यायचं असेल तर ये. बोर्डाचा अभ्यास आहे, त्यामुळे आठला सोडीन.